नागपूरचा शिक्का: देव-संतांच्या तिकिटांच्या एका अल्बमचे प्रकरण

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीने तिच्या आजोबांचा टपाल तिकिटांचा अल्बम माझ्याकडे तपासायला आणला. आजोबा, म्हणजे आईचे वडील, अमरावती जिल्ह्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. तिकिटे जमवायची ती फक्त देवांची, संतांची, धर्मसंस्थापकांची आणि देवस्थानांची, असा त्यांचा नेम. राजेराण्या, धरणे, विमाने यांना या वहीत जागा नाही. १९४९ च्या तिकिटांपासून सुरू झालेला संग्रह १९७४ मध्ये थांबतो. पुढची पाने कोरी आहेत, पण त्यांतल्या काहींच्या माथ्यावर पेन्सिलीने नावे लिहून ठेवली आहेत: ज्ञानेश्वर, तुकाराम, चोखोबा, जनाबाई. तिकीट निघाले की लावायचे, म्हणून जागा राखलेली. ज्ञानेश्वरांचे तिकीट निघाले ते थेट १९९७ मध्ये. तोवर मास्तर राहिले नव्हते.

गावचे घर विकायला काढले तेव्हा अल्बम मामांच्या हाती आला. त्याच सुमारास त्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत आला होता: ‘चुकीच्या हाताचा बोधिसत्त्व’ असलेले एक आण्याचे तिकीट तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती आहात. अल्बम उघडला तर ते तिकीट पहिल्याच पानावर. शिवाय एक जुनाट दिसणारा गणपती. मामांची अपेक्षा वाढली, आणि ती वाढणे साहजिक होते. एका खरेदीदाराने दोन-चार पाने चाळून सगळ्या अल्बमला मिळून एक रक्कम सांगितलीही. अल्बम नीटनेटका दिसावा म्हणून, मागच्या खिशात कोंबलेल्या जुन्या पाकिटांवरची तिकिटे कापून पानांवर लावावीत आणि पाकिटे टाकून द्यावीत, असे मामांनी ठरवले. भाचीने तेवढ्यावर त्यांना थांबवले आणि ती अल्बम घेऊन आली. कात्री चालण्याआधी ती आली, हे या प्रकरणातले सगळ्यात महत्त्वाचे पाऊल.

प्रश्न तीन होते. बोधिसत्त्वाची किंमत काय? गणपती खरा की खोटा? आणि पाकिटांचे काय करायचे? घरच्यांचा जीव पहिल्या दोन प्रश्नांत अडकला होता.

बोधिसत्त्वाचा हात

१५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची रोजच्या वापराची पहिली तिकीटमाला निघाली. एकूण १६ तिकिटे, छपाई नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसची. पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज यांच्या चेहऱ्यांची सवय झालेल्या लोकांच्या हातात एकदम अजिंठा, कोणार्क, सांची, सुवर्णमंदिर, ताजमहाल आणि पालिताणा आले. नऊ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती, एक आण्यावर बोधिसत्त्व, दोन आण्यांवर नटराज. देवादिकांची तिकिटे जमवणाऱ्या माणसाला सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

एक आण्याच्या तिकिटावर मात्र चित्र उलटे गेले. आरशात दिसावे तसे. त्यामुळे बोधिसत्त्वाचा पुढे केलेला हात डावा दिसू लागला. वर देणारा, दान देणारा हात मूर्तिशास्त्रात सहसा उजवा असतो. जाणकाराला ही चूक लगेच खटकेल. १५ जुलै १९५० रोजी चित्र सुलटे करून, उजवा हात पुढे असलेले तिकीट निघाले. रंग तोच निळसर हिरवा, किंमत तीच, मांडणीही तीच.

मास्तरांच्या पानावर ही दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी आहेत आणि खाली दोनच शब्द आहेत: ‘हात पाहा.’ खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेतून हा फरक सुटला नाही, आणि तो त्याने पुढच्याला दाखवण्यासाठी नोंदवून ठेवला. मला हे पान फार आवडले.

पण किंमत? हा फरक घरच्यांना समजावून सांगायला वेळ लागला. चित्र काढताना झालेली चूक आणि छापताना झालेली चूक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटाच्या काही तावांवर व्हिक्टोरिया राणीचे डोके उलटे छापले गेले. ती छपाईतली चूक, मोजक्या प्रतींपुरती, म्हणून जगभरातले संग्राहक त्या प्रतींमागे लागतात. बोधिसत्त्वाची चूक मूळ चित्रातच होती, म्हणजे छापलेल्या प्रत्येक प्रतीत होती. ती तिकिटे ११ महिने देशभरच्या टपाल कार्यालयांतून विकली गेली, आणि एक आणा ही तर रोज लागणारी रक्कम. तेव्हा चुकीचा हात असलेली वापरलेली तिकिटे आजही विक्रेत्यांच्या पेट्यांत सहज सापडतात. मास्तरांच्या प्रतीवर शिक्का ठसठशीत बसलेला, एका कडेचा एक दात तुटलेला. बाजाराच्या दृष्टीने किंमत किरकोळ.

मामांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग तो मजकूर?” मी म्हटले, असल्या मजकुरांत तिकीट खरे असते, आकडा खोटा असतो. विकणाऱ्याने मागितलेली किंमत आणि घेणाऱ्याने खरोखर मोजलेली किंमत यांत कोणी फरक करत नाही. कॅटलॉगातला आकडासुद्धा निर्दोष प्रतीचा असतो. दात तुटलेल्या, डाग पडलेल्या प्रतीला तो लागू पडत नाही.

गणपती

दुसरा प्रश्न चटकन सुटला. बुंदेलखंडातल्या दतिया संस्थानाने १८९३ पासून स्वतःची तिकिटे काढली आणि त्यांवर गणपती होता. गणपतीची जुनी तिकिटे म्हटली की संग्राहकांना आधी दतिया आठवते. ती साध्या खिळ्यांच्या छपाईची आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर संस्थानाची गोल मोहर, बहुधा निळ्या शाईत, हाताने मारलेली असते.

अल्बममधल्या गणपतीवर मोहर नव्हती. तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. मात्र भिंगाखाली धरल्यावर रंग सलग दिसेना. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली. मासिकातला फोटो भिंगातून पाहिला की जशी दिसते तशी. खिळ्यांच्या छपाईत असे ठिपके येत नाहीत. तिथे शाईची सलग रेघ असते, कडेला किंचित जाड झालेली, आणि कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवले तर कधी कधी दाबही जाणवतो. म्हणजे हे बहुधा कुठल्या तरी छापील पुस्तकातले किंवा मासिकातले चित्र कापून लावलेले. मास्तरांनी कुणाला फसवायला ते लावले असे मला मुळीच वाटत नाही. त्याखाली त्यांनी ‘दतिया (चित्र)’ असे स्पष्ट लिहिले आहे. कंसातला तो शब्द पिवळ्या डागाखाली गेला होता, म्हणून घरच्यांच्या लक्षात आला नव्हता.

संस्थानी तिकिटांबाबत इतकेच सांगतो, की त्यांच्या नकला आणि पुनर्मुद्रणे जुन्या काळापासून चालत आलेली आहेत. देवाचे चित्र असले की घेणारा भावनेने घेतो, पारखून घेत नाही, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. संस्थानी गणपती विकत घ्यायचा तर तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये.

बाकीची पाने

१ ऑक्टोबर १९५२ च्या संत-कवी मालेत सहा तिकिटे होती: कबीर नऊ पै, तुलसीदास एक आणा, मीरा दोन आणे, सूरदास चार आणे, गालिब साडेचार आणे, टागोर बारा आणे. नाशिकला फोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापलेली ही पहिली तिकिटे. छायाचित्रातल्यासारख्या मऊ छटा त्यांत दिसतात. मास्तरांच्या पानावर चारच आहेत. गालिब आणि टागोर त्यांच्या नेमात बसले नसावेत. संच मोडला म्हणून खरेदीदाराने नाक मुरडले होते. मला मात्र ते पान अपुरे वाटत नाही. कोणाला आत घ्यायचे हे त्या माणसाने स्वतः ठरवले होते, आणि संग्रह म्हणायचा तो अशा निवडीलाच.

पुढे सेंट थॉमसचे १५ पैशांचे तिकीट आहे. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस (कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे धर्मसंमेलन) भरली आणि पोप सहावे पॉल आले, तेव्हाचे. चित्र इटलीतल्या ओर्तोना इथल्या पुतळ्यावरून घेतलेले. शेजारी पोर्तुगीज गोव्याचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे एक तिकीट, संताच्या निधनाला ४०० वर्षे झाली तेव्हा, १९५२ मध्ये निघालेल्या संचातले. ते विदर्भातल्या मास्तरांपर्यंत कसे पोहोचले कोण जाणे. १९७० चे संत नामदेव पानाच्या मधोमध, एकटे.

याच पानांवर एक गोष्ट लक्षात येते. धार्मिक व्यक्तींची तिकिटे म्हणावे, तर कितीतरी तिकिटांवर ती व्यक्तीच नाही. १९५६ साली २५०० व्या बुद्ध जयंतीनिमित्त दोन तिकिटे निघाली. दोन आण्यांवर बोधिवृक्ष, चौदा आण्यांवर छत्र आणि बोधिवृक्ष. १९६७ मध्ये गुरू गोविंदसिंगांच्या तिकिटावर पाटणा साहिबचा गुरुद्वारा आहे. १९६९ मध्ये गुरू नानकांच्या तिकिटावर ननकाना साहिब. १९७४ मध्ये महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाला पावापुरीचे मंदिर. चेहरा न दाखवता आदर दाखवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सांचीच्या तोरणांवरही बुद्ध वृक्षाने आणि पावलांनीच दाखवला आहे. केवळ चेहरे गोळा करायचे ठरवले असते तर मास्तरांचा अल्बम निम्म्याहून लहान झाला असता.

सगळ्यात शेवटी, नेमाला अपवाद म्हणून, १९६६ चे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तिकीट आहे. स्वतंत्र पान, भोवती शाईने आखलेली चौकट. हे पान पाहिल्यावर मी मागच्या खिशातली पाकिटे बाहेर काढली.

पाकीट

तीन पाकिटे होती. दोन साधी, साठच्या दशकातली, नातेवाइकांची. तिसरे पिवळे पडलेले, उजवी कड फाटलेली, पत्र आत नाही. त्यावर बुद्ध जयंतीचे दोन आण्यांचे तपकिरी तिकीट. साध्या पाकिटाला तेव्हा दोन आणे लागत, म्हणजे या एका तिकिटावर पत्र रीतसर गेले. तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यावर गोल शिक्का: नागपूर, १५ ऑक्टोबर ५६.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी, उशिरा पोहोचलेल्यांसाठी, पुन्हा दीक्षा झाली. आणि त्याच सोमवारचा हा शिक्का.

तपासणीत घाई करायची नसते, म्हणून मी स्वतःला एकेक प्रश्न विचारत गेलो. तिकीट मुळात याच पाकिटावर लागले होते का, की नंतर कोणी जुन्या शिक्क्याशी जुळवून चिकटवले? शिक्क्याची वर्तुळरेषा तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर सलग उतरली आहे, शाई दोन्हीकडे सारखीच मुरलेली आहे, आणि तिकिटाच्या दातांशी रेघ कुठे सरकलेली नाही. म्हणजे तिकीट जागचेच आहे. मागच्या बाजूला पोच शिक्का आहे. गावाचे नाव वाचता येते, तारीख १७, महिना पुसट. पत्त्याच्या शेवटी गावापुढे ‘जि. अमरावती, मध्य प्रदेश’ असे लिहिले आहे. मामा म्हणाले, “बघा, पत्ताच चुकलाय.” पत्ता चुकलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला. पाकीट त्याच्या सतरा दिवस आधीचे, म्हणून पत्ता असाच हवा. नंतर कोणी बनावट पाकीट केले असते तर इथे हमखास चुकला असता.

आता या पाकिटावरून नेमके काय म्हणता येते? पत्र १५ ऑक्टोबरला नागपुरातून निघाले. त्यावर बुद्ध जयंतीचे तिकीट होते. ते अमरावती जिल्ह्यातल्या या घरी पोहोचले. इतकेच. पाठवणारा दीक्षाभूमीवर होता, हे शिक्का सांगत नाही. बोधिवृक्षाचे तिकीट त्याने मुद्दाम मागून घेतले की खिडकीवरच्या कारकुनाने हाती दिले ते लावले, हेही शिक्का सांगत नाही. तिकीट मे महिन्यापासून चलनात होतेच.

मात्र पाकिटाच्या मागे, पोच शिक्क्याशेजारी, मास्तरांच्या अक्षरात पेन्सिलीची एक ओळ आहे: ‘दादाचे पत्र, दीक्षेहून.’ अक्षर तेच, ‘हात पाहा’ लिहिणारे. अक्षरे जुळवून पाहायला अल्बममध्ये मजकूर भरपूर आहे, आणि ‘पत्र’, ‘चित्र’ यांतला ‘त्र’ काढायची त्यांची पद्धत वेगळीच आहे, वरची रेघ डावीकडे लांब ओढलेली. मी मुलीला विचारले, “आजोबांना मोठे भाऊ होते?” तिने तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, “होते ना. मोठे बाबा. ते नागपूरला गेले आणि आठ दिवस परतलेच नाहीत, आजी काळजीत होती, असं बाबा सांगायचे. पत्र आलं तेव्हा घरात जीव आला.”

मामांनाही ही गोष्ट ठाऊक होती. ती या पाकिटाची आहे, एवढेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

बाजाराचे बोलायचे तर सुटे वापरलेले दोन आण्यांचे तिकीट थोडक्या पैशांत मिळते. ते पाकिटावरून कापले असते तर अल्बममध्ये अशा सामान्य तिकिटांत आणखी एकाची भर पडली असती, आणि नागपूर, तारीख, मध्य प्रदेश, पेन्सिलीची ओळ हे सगळे केराच्या टोपलीत गेले असते. धार्मिक विषयाच्या जुन्या तिकिटांत मला नेहमी हेच दिसते. लोक चित्राकडे पाहतात, कारण चित्राला हात जोडता येतात. पण तिकीट हा काम केलेला कागदाचा तुकडा आहे. कोणी, कुठून, कोणत्या दिवशी, कोणासाठी तो वापरला, हे कळले की त्या चित्राची श्रद्धा एका खऱ्या माणसाची होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या किती घरांत १९५६ ची पत्रे ट्रंकेत पडून असतील, आणि त्यांतल्या किती पाकिटांवरची तिकिटे मुलांनी भिजवून काढली असतील, हा विचार मला अजून छळतो.

काय ठरले

खरेदीदाराला नाही म्हणायचे ठरले. त्याने सांगितलेली रक्कम सुट्या तिकिटांच्या हिशेबाने गैर नव्हती, हे मी मामांना प्रामाणिकपणे सांगितले. पण पाकिटाचा त्यात विचार नव्हता, कारण त्याने खिसा उघडलाच नव्हता. अल्बममध्ये काही तिकिटे दोन-दोन, तीन-तीन होती. ती हवी तर विका, पाने मोडू नका, असे मी सुचवले. मामांनी दुबार तिकिटे शेजारच्या शाळेतल्या मुलांना देऊन टाकली.

पाकिटाची कड दुरुस्त केली नाही. चिकटपट्टी तर मुळीच लावायची नाही. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग तो काढता येत नाही. पाकीट पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात, मागे आम्लरहित कार्ड लावून ठेवले. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे टाळली, कारण ती शाई ओढून घेतात. मास्तरांनी तिकिटे पातळ कागदाच्या पट्ट्यांनी लावली आहेत. काही पट्ट्यांखाली कसर लागली होती, तेवढी तिकिटे चिमट्याने सोडवून नवीन हिंजवर, म्हणजे तशाच गोंदाच्या पातळ पट्टीवर, त्याच जागी लावली. गंजासारखे डाग आहेत ते तसेच राहू दिले. धुऊन काढायच्या नादात रंग जातो. अल्बम आडवा न ठेवता उभा ठेवायचा, भिंतीला टेकवायचा नाही, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा उघडून वारा द्यायचा, एवढे मुलीला सांगितले.

दोन्ही बाजूंचे चांगल्या दर्जाचे स्कॅन केले. आईने फोनवर सांगितलेली हकिकत मुलीने तिच्याच शब्दांत लिहून घेतली. कोणी सांगितली, कोणी लिहिली, कधी लिहिली, हे खाली घातले आणि तो कागद पाकिटाच्या शेजारी, पण वेगळ्या आवरणात ठेवला. पाकिटावर जे आहे ते आणि घरात जे सांगितले जाते ते, यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. उद्या एखादा अभ्यासक आला तर त्याला दोन्ही वेगवेगळे तपासता आले पाहिजेत.

दतियाचे चित्र पानावरून काढायचे का, असे मामांनी विचारले. काढायचे कशाला? मास्तरांनीच ‘चित्र’ म्हणून लावले आहे. गालिब आणि टागोर विकत घेऊन संच पुरा करू का, असेही मुलीने विचारले. माझे मत नको असे पडले. ज्ञानेश्वरांच्या कोऱ्या पानावर मात्र १९९७ चे तिकीट जरूर लाव, ती जागा त्यांनी तुझ्यासाठीच राखलीय, असे मी म्हणालो.

एक काम उरले आहे. मोठ्या बाबांच्या हाताची आणखी पत्रे मिळाली तर पाकिटावरच्या पत्त्याचे अक्षर त्यांच्याशी जुळवून पाहता येईल, आणि पेन्सिलीच्या ओळीला दुसरा आधार मिळेल. गावच्या घरातल्या दोन ट्रंका अजून उघडायच्या आहेत. व्यवहार पुरा होण्याआधी त्या पुण्याला आणायच्या आणि आतला एकही कागद वेगळा करायचा नाही, असे मामांनी स्वतःहून कबूल केले आहे.